जागा एक, खेळाडू दोन

चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीत पार्थसारथीचं देऊळ, वालाजाह मशीद आणि चेपॉकचं क्रिकेट मैदान ही तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. याच वस्तीत क्रिकेटचं वेड असलेला एक गरीब घरचा मुलगा राहत होता. दोन गल्ल्या पलीकडे राहणारे एक निवृत्त लष्करी गृहस्थ मरीनाच्या मैदानावर मुलांचे सामने बघायला येत. त्यांनी या मुलाची शाळेची फी भरली, त्याला गणवेश आणि पुस्तकं घेऊन दिली, सायकलवर बसवून मैदानावर नेलं. त्या गृहस्थांचं नाव वॉशिंग्टन. पुढे १९९९ मध्ये त्याला मुलगा झाला, तेव्हा त्यानं ते उपकार स्मरून मुलाला त्यांचंच नाव दिलं. तोच भारताचा ऑफस्पिनर वॉशिंग्टन सुंदर.

२०२४ च्या नोव्हेंबरात भारताचा संघ ऑस्ट्रेलियात कसोटी मालिका खेळायला उतरला, तेव्हा अंतिम अकरांत फिरकी गोलंदाजाला जागा एकच होती आणि दावेदार तीन होते. पर्थला सुंदर खेळला. भारताने तो सामना २९५ धावांनी जिंकला, तरी अॅडलेडला त्याच्या जागी रविचंद्रन अश्विन आला. ब्रिस्बेनला अश्विनच्या जागी रवींद्र जडेजा. सलग तीन कसोटींत तीन फिरकीपटू. ब्रिस्बेनची कसोटी संपली त्याच दिवशी, १८ डिसेंबरला, अश्विनने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. तेव्हा त्याच्या नावावर १०६ कसोटींत ५३७ बळी होते.

जागा एकच आणि लायक खेळाडू एकाहून अधिक, अशा वेळी संधी वाटून द्यावी, की एकाला निवडून बाकीच्यांना बाकावर बसवावं? गल्लीतल्या संघापासून कसोटी संघापर्यंत हा पेच सगळ्यांना पडतो. अमेरिकेत तर त्यावर पिढ्यान् पिढ्या वाद चालू आहे. तिथे तो क्वार्टरबॅक या एका जागेभोवती फिरतो. म्हणून आधी ती जागा समजून घेऊ आणि मग चेपॉकवर परत येऊ.

अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड गाठले की पुन्हा नवे चार प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात क्वार्टरबॅकच्या इशाऱ्याने होते. तो ठरावीक लयीत आवाज देतो, मधला खेळाडू चेंडू मागे त्याच्या हातात देतो आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवावं लागतं, की चेंडू कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हातात द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचं. चांगला क्वार्टरबॅक झेल घेणारा गडी वळायच्या आतच चेंडू सोडतो. गडी कुठे वळणार, किती पावलांनी वळणार, हे दोघांनी सरावात शेकडो वेळा घोटलेलं असतं. पुढचे पाच धिप्पाड गडी त्याचं रक्षण करतात, तेही त्याच्या आवाजाच्या चढउतारावर. क्वार्टरबॅक डावखुरा असेल तर त्याच्या पाठीमागची बाजू बदलते आणि रक्षणाची सगळी मांडणीही बदलावी लागते. म्हणजे क्वार्टरबॅक बदलला की त्याच्याबरोबर बाकी दहा जणांचं कामही बदलतं.

सरावाचा वेळ मात्र तेवढाच राहतो. आठवडाभराच्या सरावात पहिल्या फळीच्या खेळाडूंबरोबर एका क्वार्टरबॅकला शंभर चेंडू फेकायला मिळत असतील, तर दोघांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला पन्नासच येतील. दोघंही निम्म्या तयारीने मैदानात उतरतील. ज्याच्याकडे दोन क्वार्टरबॅक आहेत त्याच्याकडे एकही नाही, अशी म्हण तिथे रूढ झाली ती यामुळेच.

या म्हणीची परीक्षा पाहिली डॅलस काउबॉइज या संघाने, १९७१ च्या मोसमात. प्रशिक्षक टॉम लँड्री यांच्याकडे क्रेग मॉर्टन आणि रॉजर स्टॉबाक असे दोन उत्तम क्वार्टरबॅक होते. लँड्रींनी दोघांना आलटून पालटून खेळवलं. ३१ ऑक्टोबरला शिकागोविरुद्ध तर त्यांनी टोक गाठलं. एका प्रयत्नाला मॉर्टन, पुढच्याला स्टॉबाक, असं ते दोघांना आतबाहेर करत राहिले. काउबॉइज १९-२३ असे हरले. सात सामन्यांत त्यांचे चार विजय आणि तीन पराभव झाले होते. त्यानंतर लँड्रींनी स्टॉबाकला निवडलं आणि निर्णय पुन्हा फिरवला नाही. संघाने साखळीतले उरलेले सातही सामने जिंकले, बाद फेरीही जिंकली आणि १६ जानेवारी १९७२ रोजी मायामीला २४-३ असं हरवून सुपर बोल पटकावला. खेळाडू तेच होते, प्रशिक्षकही तोच. फक्त अनिश्चितता संपली होती.

आता तेच १९७१ साल आपल्याकडे पाहू. त्या वर्षी निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने अजित वाडेकर भारताचे कर्णधार झाले. मन्सूर अली खान पतौडींकडून संघ वाडेकरांच्या हाती आला, तेव्हा त्यांच्यापुढेही असाच पेच होता. बिशनसिंग बेदी, भागवत चंद्रशेखर, एरापल्ली प्रसन्न आणि एस. वेंकटराघवन ही फिरकीची प्रसिद्ध चौकडी. चौघांचे मिळून २३१ कसोटींत ८५३ बळी. पण चौघं एकत्र फक्त एकाच कसोटीत खेळले, १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या एजबॅस्टनला. बेदी डावखुरे, चंद्रशेखर लेगब्रेक आणि गुगली टाकणारे, म्हणून त्या दोघांची जागा वेगवेगळी ठरलेली. प्रसन्न आणि वेंकट मात्र दोघंही उजव्या हाताचे ऑफस्पिनर. दोघंही इंजिनियर. दोघांचं कसोटी पदार्पणही मद्रासमध्येच झालं, प्रसन्नचं जानेवारी १९६२ मध्ये आणि वेंकटचं फेब्रुवारी १९६५ मध्ये.

हत्यार एकच असलं तरी दोघांच्या हातात ते वेगळं दिसे. प्रसन्न बंगळुरूचे. चेंडूला उंची देत, फलंदाजाला पुढे यायचा मोह घालत आणि चेंडू त्याच्या अंदाजाआधीच खाली पाडत. पहिले १०० बळी त्यांनी अवघ्या २० कसोटींत घेतले. हा भारतीय विक्रम पुढे अश्विनने मोडला. वेंकट मद्रासचे. उंच अंगकाठीचे, चेंडू थोडा जोरात आणि सपाट टाकणारे, दिवसभर एका टप्प्यावर मारा करू शकणारे. १९६५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध दिल्लीच्या कसोटीत त्यांनी १२ बळी घेतले होते. शिवाय फलंदाजाच्या जवळ उभं राहून झेल घेण्यात तरबेज आणि तळाला धावांची भर घालणारे.

पतौडींचा कल प्रसन्नकडे होता, वाडेकरांचा वेंकटकडे. दोघांकडेही आपापल्या पसंतीला पटण्याजोगं कारण होतं. पतौडींना बळी मिळवून देणारा गोलंदाज हवा होता, मग चार चौकार गेले तरी चालतील. वाडेकर मुंबईच्या मुशीतले, एकेका धावेचा हिशेब ठेवणारे. धावा रोखणारा, झेल पकडणारा आणि गरज पडली तर फलंदाजीही करणारा माणूस त्यांना मोलाचा वाटला. त्या वर्षी भारत आधी वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेला. तिथल्या फळीत सोबर्स, फ्रेडरिक्स, लॉइड असे डावखुरेही होते आणि ऑफस्पिनरचा चेंडू डावखुऱ्यापासून बाहेर वळतो. उपकर्णधार वेंकटने त्या दौऱ्यात पाच कसोटींत २२ बळी घेतले. पोर्ट ऑफ स्पेनला भारताने वेस्ट इंडिजला पहिल्यांदाच हरवलं, त्या सामन्यात दोघंही होते. पहिल्या डावात प्रसन्नचे ५४ धावांत ४ बळी, दुसऱ्यात वेंकटचे ९५ धावांत ५. दोघांना एकत्र खेळवता आलं तर काय होतं, हे त्या एका सामन्यात दिसलं.

पुढे इंग्लंडच्या दौऱ्यावर वाडेकरांनी कौल दिला. तिन्ही कसोटींत वेंकट खेळले, प्रसन्न एकाही नाही. २४ ऑगस्टला ओव्हलवर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला आणि भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिली कसोटी आणि पहिली मालिका जिंकली. त्या डावात दोन बळी वेंकटचे होते. निकालाच्या तराजूत वाडेकरांचा निर्णय चुकला असं कोणी म्हणू शकत नाही. पण भरात असलेला एक मोठा गोलंदाज पूर्ण दौरा बाहेर बसला, हीसुद्धा त्याच विजयाची किंमत आहे. ती मोजल्याशिवाय या निर्णयाकडे पाहता येत नाही.

लँड्री आणि वाडेकर या दोघांनी एकाच वर्षी एकच गोष्ट केली: एकाला निवडलं आणि त्यावर ठाम राहिले. दोघांनाही यश मिळालं.

पण एका कर्णधाराचा ठामपणा त्याच्याबरोबरच जातो. डिसेंबर १९७४ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत कर्णधार पुन्हा पतौडी होते. ते जायबंदी झाले म्हणून दिल्लीच्या दुसऱ्या कसोटीत नेतृत्व वेंकटकडे आलं. तिसऱ्या कसोटीसाठी संघ कलकत्त्याला गेला, पतौडी परतले आणि आधीच्या सामन्यातला कर्णधार अंतिम अकरांतून बाहेर! आठवड्या-दोन आठवड्यांत माणूस संघाच्या शिखरावरून बाराव्या गड्याच्या जागी आला. पुढची कसोटी जानेवारी १९७५ मध्ये, पोंगलच्या दिवसांत, चेपॉकवर झाली. प्रसन्नने पहिल्या डावात ७० धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ४१ धावांत ४ बळी घेतले, विश्वनाथ ९७ धावांवर नाबाद राहिले आणि भारत १०० धावांनी जिंकला. प्रसन्न आता खेळत होते, वेंकट बाहेर होते. खेळपट्टी पाहून हा बदल झाला असता तर त्यात काही वावगं नव्हतं. पण जागेचा मालक कर्णधाराच्या आवडीप्रमाणे बदलत होता. जागा वाटून देण्याचा हा सर्वांत वाईट प्रकार. खेळाडूला आपण का आत आहोत आणि का बाहेर, हेच कळत नाही.

अखेर प्रसन्न यांनी ४९ कसोटींत १८९ बळी घेतले, वेंकट यांनी ५७ कसोटींत १५६. कसोटीमागे प्रसन्नचे जवळपास चार आणि वेंकटचे पावणेतीन. आकड्यांवरून प्रसन्न वरचढ दिसतात. पण वेंकटचे झेल, त्यांच्या धावा आणि समोरच्या टोकाकडून त्यांनी बेदी-चंद्रशेखरना दिलेली साथ या आकड्यांत येत नाही.

क्वार्टरबॅकच्या आणखी जवळची जागा म्हणजे यष्टिरक्षकाची. गोलंदाज सात-आठ मिळतात, यष्टिरक्षक एकच. प्रत्येक चेंडूवर त्याचं लक्ष असतं. स्लिपमधला गडी त्याच्या आवाक्याचा अंदाज घेऊनच आपली जागा ठरवतो. १९६० च्या दशकात या जागेसाठी बुधी कुंदरन आणि फारुख इंजिनियर या दोन तडफदार खेळाडूंत चुरस होती. १९६३-६४ च्या इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत कुंदरनने मद्रासला सलामीला येऊन १९२ धावा केल्या आणि मालिकेत एकूण ५२५. यष्टिरक्षकाने एका मालिकेत पाचशेवर धावा करणं तोवर ऐकिवात नव्हतं. तरी पुढच्या मोसमात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तीन कसोटींत यष्टींमागे के. एस. इंद्रजितसिंहजी उभे राहिले आणि त्यानंतर न्यूझीलंडविरुद्ध इंजिनियर.

डिसेंबर १९६६ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ आला, तेव्हा पहिल्या दोन कसोटींत कुंदरन खेळला. मुंबईच्या दुसऱ्या डावात त्याने ७९ धावा केल्या. तिसऱ्या कसोटीसाठी चेपॉकवर इंजिनियरला बोलावलं. १३ जानेवारी १९६७ ची ती सकाळ चेपॉकच्या इतिहासात अमर झाली. समोर हॉल, ग्रिफिथ, सोबर्स आणि गिब्ज हे त्या काळचं सर्वांत भीतिदायक आक्रमण. इंजिनियरने सलामीला येऊन पहिल्या षटकांपासून प्रतिहल्ला चढवला आणि उपाहाराला तो ९४ धावांवर नाबाद होता. पहिल्याच सत्रात शतक व्हायला सहाच धावा कमी पडल्या. जेवणानंतर शतक पूर्ण करून तो १०९ वर बाद झाला. पुण्याच्या चंदू बोर्डेंनी १२५ धावा केल्या आणि भारत ४०४ पर्यंत पोहोचला.

एका सकाळच्या त्या खेळीने इंजिनियरची जागा पक्की झाली. तो पुढे १९७५ पर्यंत, एकूण ४६ कसोटी खेळला. कुंदरनची कारकीर्द १९६७ च्या इंग्लंड दौऱ्यातच संपली. एकूण १८ कसोटी. त्या दौऱ्यात एजबॅस्टनला गोलंदाज जायबंदी झाले म्हणून त्याला चक्क नवा चेंडू हाती घ्यावा लागला. चौकडी एकत्र खेळली तो सामना हाच. इंजिनियर उत्तम होता यात शंका नाही. पण दोन खेळाडूंतून एक निवडण्याची ही रीत मात्र धोक्याची आहे. एका सामन्यात एखाद्याचा झेल सुटतो, एखाद्याला पंचांचा चुकीचा निर्णय भोवतो, एखाद्याला सपाट खेळपट्टी मिळते. एवढ्या थोड्या पुराव्यावर कोण सरस हे ठरवलं, तर आपण कौशल्यापेक्षा नशीबच मोजलेलं असतं. गुणवत्ता तपासायची जागा म्हणजे देशांतर्गत मोसम, सराव सामने आणि नेट. तिथे दोघांना भरपूर आणि सारखी संधी द्यावी. मोठा सामना ही परीक्षेची जागा नव्हे, तयारी वापरायची जागा आहे.

मग जागा कधीच वाटू नये का? तसंही नाही. अमेरिकेतच लॉस एंजेलिस रॅम्स या संघाने १९५० आणि १९५१ मध्ये बॉब वॉटरफिल्ड आणि नॉर्म व्हॅन ब्रॉकलिन या दोन क्वार्टरबॅकना वाटून खेळवलं. १९५० मध्ये त्यांनी १२ सामन्यांत ४६६ गुण केले आणि १९५१ मध्ये क्लीव्हलँडला २४-१७ असं हरवून विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात बहुतेक वेळ वॉटरफिल्ड खेळला, पण निर्णायक ७३ यार्डांची फेक व्हॅन ब्रॉकलिनची होती. रॅम्सनी लँड्रींसारखा प्रत्येक प्रयत्नाला माणूस बदलला नव्हता. प्रत्येकाला सलग मोठा वेळ मिळे. मैफल रंगात आल्यावर दर आवर्तनाला तबलजी बदलला तर गवयाचा सूर हरवेल, पण पूर्वार्धाला एक आणि उत्तरार्धाला दुसरा तबलजी बसला तर मैफल बिघडत नाही. बदल किती वेळा झाला, हे बदल झाला की नाही यापेक्षा महत्त्वाचं आहे.

दुसरं उदाहरण २००६ च्या फ्लोरिडा विद्यापीठाचं. ख्रिस लीक हा अनुभवी क्वार्टरबॅक नियमित खेळे. टिम टिबो हा पहिल्या वर्षाचा दणकट मुलगा थोड्या यार्डांची गरज असे तेव्हाच आत येई आणि चेंडू घेऊन सरळ धडक मारी. कोणाचं काम कोणतं, हे दोघांना आणि सगळ्या संघाला ठाऊक होतं. फ्लोरिडाने ओहायो स्टेटला ४१-१४ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्येही हेच दिसतं. २०१४-१५ मध्ये बार्सिलोनाने लीगचे सामने क्लाउडिओ ब्राव्होला दिले आणि स्पॅनिश चषक व चॅम्पियन्स लीग मार्क-आंद्रे तेर श्टेगनला. गोलरक्षकाची जागा स्पर्धेनुसार वाटली गेली आणि संघाने तिन्ही विजेतेपदं जिंकली.

ही यशस्वी उदाहरणं एकत्र ठेवली की एक धागा हाती लागतो. वाटणी कामानुसार, परिस्थितीनुसार किंवा स्पर्धेनुसार झाली आणि ती आधीच ठरलेली होती, तर ती चालते. वाटणी मागच्या सामन्याच्या निकालावर किंवा कोणाच्या लहरीवर झाली, तर ती दोघांनाही पोखरते. पुढची चूक आपल्याला बाहेर काढेल अशी भीती असलेला खेळाडू चूक टाळण्यासाठी खेळतो. ऑफस्पिनर उंची द्यायला कचरतो, क्वार्टरबॅक अवघड फेक टाळून जवळचा गडी शोधतो. ज्या गुणासाठी त्याला संघात घेतलं, तोच गुण अशाने आटतो.

फिरकीपटूची जागा परिस्थितीनुसार वाटण्याजोगी आहे, कारण त्याचं काम बरंचसं खेळपट्टीवर अवलंबून असतं. चेपॉकवर उन्हाने तापलेली, कोरडी पडलेली माती तिसऱ्या दिवसापासून वळायला लागते. दुपारनंतर मरीनाकडून समुद्रवारा सुटतो आणि उंची दिलेला चेंडू हवेतच बाजूला सरकवतो. तिथे दोन-तीन फिरकीपटू खेळवता येतात आणि वाटणीचा प्रश्नच उरत नाही. परदेशात, जिथे एकालाच जागा असते, तिथे प्रश्न उभा राहतो. २०२१ च्या इंग्लंड दौऱ्यात झालेल्या चारही कसोटींत अश्विन बाहेर आणि जडेजा आत होता. २०२३ च्या जूनमध्ये ओव्हलवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला, तेव्हाही क्रमवारीत जगात पहिला असलेला अश्विन बाहेरच होता. भारत तो सामना २०९ धावांनी हरला.

तिरुवल्लिकेणीच्या वॉशिंग्टन सुंदरची वाटचाल या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. जानेवारी २०२१ मध्ये अश्विन आणि जडेजा दोघंही जायबंदी झाले म्हणून अजिंक्य रहाणेच्या संघात ब्रिस्बेनला त्याला पदार्पणाची संधी मिळाली. पालघरच्या शार्दूल ठाकूरबरोबर सातव्या जोडीसाठी १२३ धावांची भागीदारी करून त्याने भारताला सामन्यात परत आणलं. दोनच महिन्यांत इंग्लंडविरुद्ध चेन्नईला नाबाद ८५ आणि अहमदाबादला नाबाद ९६. आणि मग साडेतीन वर्षं एकही कसोटी नाही.

२४ ऑक्टोबर २०२४ ला पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध त्याला परत घेतलं. पहिले तीन बळी अश्विनने मिळवले. न्यूझीलंड ३ बाद १९७ वर असताना सुंदरने ६५ धावांवर खेळणाऱ्या रचिन रवींद्रला चकवलं. चेंडू मधल्या रेषेत पडून बॅटच्या बाहेरच्या कडेला वळला आणि ऑफ स्टंपवर आदळला. त्यानंतर तो थांबलाच नाही. सात बळी, त्यातले पाच त्रिफळाचीत. न्यूझीलंड २५९ वर सर्वबाद. डावातले दहाच्या दहा बळी चेन्नईच्या दोन ऑफस्पिनरनी वाटून घेतले, अश्विन ३ आणि सुंदर ७. सामन्यात सुंदरने ११ बळी घेतले. भारत ती कसोटी ११३ धावांनी हरला, फलंदाजी कोसळल्यामुळे. पण एकाच प्रकारचे दोन गोलंदाज एकत्र खेळू शकत नाहीत, हा समज पुण्यात खोटा ठरला. म्हणून कोणत्याही निवड समितीने स्वतःला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की दोघांना एकत्र खेळवता येईल का? पोर्ट ऑफ स्पेनला आणि पुण्यात त्याचं उत्तर होय असं होतं.

एक जागा मात्र वाटता येत नाही, ती नेतृत्वाची. चेपॉकच्या चेन्नई सुपर किंग्जने हे अनुभवलं. २०२२ च्या मोसमाआधी महेंद्रसिंग धोनीने कर्णधारपद जडेजाकडे दिलं, पण तो स्वतः संघात यष्टींमागे उभा राहिला. पहिल्या आठ सामन्यांत सहा पराभव झाले आणि ३० एप्रिलला जडेजाने नेतृत्व धोनीला परत केलं. मैदानावर एखादा अवघड क्षण आला की गडी कोणाकडे बघणार, हा प्रश्न एका मोसमात सुटणारा नव्हता. दोन वर्षांनी, २१ मार्च २०२४ ला, कर्णधारपद पुण्याच्या ऋतुराज गायकवाडकडे आलं. २०२५ मध्ये त्याचं कोपर दुखावलं, तो मोसमाबाहेर गेला आणि धोनीला पुन्हा सूत्रं हाती घ्यावी लागली. त्या वर्षी संघ पहिल्यांदाच गुणतालिकेत तळाला राहिला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही आपली म्हण नेतृत्वाला अक्षरशः लागू पडते. क्वार्टरबॅकची जागा गोलंदाजापेक्षा कर्णधाराच्या जवळची आहे, म्हणूनच ती वाटायला सर्वांत अवघड.

याचा अर्थ दुसऱ्या खेळाडूला अडगळीत टाकावं असा नाही. १९७२ मध्ये मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी पाचव्या सामन्यात पाय मोडून बाहेर गेला. अडतीस वर्षांच्या अर्ल मॉरलने साखळीतले पुढचे सगळे सामने जिंकून दिले. उपांत्य सामन्याच्या उत्तरार्धात ग्रीसी परतला, त्याने अंतिम सामनाही जिंकला आणि डॉल्फिन्सने पूर्ण मोसम १७-० असा अपराजित संपवला. तिथे कोणी वेळ वाटून घेतला नव्हता. पण दुसरा माणूस पहिल्याइतकाच तयार होता, आणि आपली पाळी कधीही येऊ शकते हे त्याला माहीत होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. क्वार्टरबॅक, कर्णधार आणि यष्टिरक्षक या जागा वाटू नयेत. तिथे एकाला निवडावं आणि किमान एक मालिका तरी त्याच्यावर विश्वास ठेवावा. फिरकीपटू, सलामीवीर, गोलरक्षक या जागा वाटता येतील, पण खेळपट्टी, स्पर्धा किंवा कामाच्या स्वरूपानुसार, आणि आधी सांगून.

महाराष्ट्रातल्या शाळा, क्लब आणि तालुका संघांच्या प्रशिक्षकांना एवढंच सांगणं आहे. तुमच्याकडे एकाच जागेसाठी दोन चांगली मुलं असतील, तर मोसम सुरू होण्याआधी दोघांना समोर बसवा. कोण कधी खेळणार आणि का, हे त्यांच्या आईवडिलांनाही कळेल इतक्या सोप्या शब्दांत सांगा. बाहेर बसणाऱ्याला संघात दुसरं खरं काम द्या. आणि एका पराभवानंतर तो शब्द फिरवू नका.